बरणीतली हौस

सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड असलेल्या माणसाला एक प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो: "हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कसं?" कुत्रा पाळणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. मांजरवाल्यांचं तर कौतुकच होतं. पण एखादी मुलगी कुंपणावरच्या सरड्यापाशी अर्धा तास रेंगाळली, किंवा एखाद्या मुलाने धामणीची कात वहीत जपून ठेवली, की घरच्यांना काळजी वाटायला लागते. या वेडाच्या माणसांना निवांत बसवून विचारलं तर उत्तरं बरीच सारखी निघतात. शाळेतलं वय असतं. एखादा बिनविषारी साप, कासव, नाहीतर ट्यूबलाइटमागची पाल असते. आणि जवळपास एक मोठं माणूस असतं, ज्याने त्या वेळी काठी शोधली नाही.

मला ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी वाटते. सुझन मिनेका आणि मायकेल कुक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर काही प्रयोग केले. जंगलात वाढलेली माकडं सापाला घाबरत, प्रयोगशाळेत जन्मलेली घाबरत नसत. मात्र घाबरलेल्या माकडाकडे काही वेळ पाहिलं की प्रयोगशाळेतली माकडंही सापाला घाबरू लागत, आणि ही भीती टिकून राहत असे. फुलाची भीती अशी शिकवून पाहिली, ती त्यांना लागली नाही. म्हणजे सापाची भीती आपण जन्माला येताना घेऊन येत नसलो, तरी ती उचलायला मेंदू तयार बसलेला असतो. यातला १९८६चा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काही माकडांना आधी सापापाशी शांत बसलेलं माकड दाखवलं, आणि मग घाबरलेलं. त्यांतल्या बहुतेकांना भीती लागलीच नाही. माणसाचं पोर माकडापेक्षा गुंतागुंतीचं असतं हे मान्य, पण आपल्याकडच्या अनुभवाशी हे फार जुळतं.

आपल्याकडे बहुतेक मुलांना पहिला साप दिसतो तो गर्दीत. आरडाओरडा, काठ्या, रॉकेल, "मागे हो, मागे हो". मग तो मेलेला साप काठीवर उचलून मिरवला जातो. त्याच मुलाला नागपंचमीला पाटावर काढलेल्या नागाला हात जोडायला सांगतात. या विसंगतीवर पुष्कळ लिहून झालंय, त्यात आता मला रस नाही. मला रस आहे तो त्या अपवादात, जिथे कुणीतरी म्हणतं, "थांब, कवड्या आहे तो, काही करत नाही, बघ."

सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. जन्म १९४३चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी त्यांनी एक बिनविषारी साप घरी आणला, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं नाही, तो ठेवू दिला. पुढे ही आई कमलादेवी चट्टोपाध्याय यांची सून झाली आणि १९५१मध्ये मुलगा भारतात आला. कोडाईकनालच्या निवासी शाळेत त्याने पलंगाखाली अजगर पाळला होता. मोठेपणी त्याच माणसाने मद्रासचं सर्पोद्यान उभं केलं, १९७६मध्ये मगरींसाठीची क्रोकोडाइल बँक काढली आणि १९७८मध्ये तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. सापाच्या कातड्याचा धंदा कायद्याने बंद पडल्यावर इरुळांच्या हातचं काम गेलं होतं. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत सोडतात. देशातल्या प्रतिविषाच्या कारखान्यांना लागणारं विष मुख्यतः या संस्थेतून जातं. म्हणजे आज विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णाला टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा माग काढत गेलं, तर त्याचं एक टोक न किंचाळलेल्या एका आईपाशी पोचतं.

महाराष्ट्रात या वेडाचं एक टोक नीलिमकुमार खैरे यांच्यापाशी पोचतं. माथेरानला नोकरीत असताना तिथे दिसेल तो साप मारला जाताना पाहून ते या वाटेला लागले. १९८०मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहून, डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांनी लोकांना दाखवलं. १९८६मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. शाळेच्या सहलीत तिथे गेलेल्या पुण्या-मुंबईच्या किती मुलांना पहिल्यांदा घोणस आणि अजगर यांतला फरक डोळ्यांनी दिसला असेल! मात्र मला वाटतं, त्या काचेच्या खोलीतून महाराष्ट्रात दोन गोष्टी बाहेर पडल्या. एक कुतूहल आणि दुसरं धाडसाचं आकर्षण. खैरेंना पहिली हवी होती. आपण दुसरी जास्त उचलली.

आता आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे येऊ, ज्याला हे वेड नुकतंच लागलंय. मुलीलाही लागतं, पण आपल्याकडे तिला इथून पुढे कुणी फारसं जाऊ देत नाही. त्याच्यापुढे वाटा कुठल्या? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतातला कुठलाही साप, घोरपड किंवा रानातलं कासव पाळता येत नाही. शेताच्या बांधावरची धामण घरी ठेवणं हा गुन्हा आहे. चांदणी कासव घरात ठेवणं हाही गुन्हा आहे, जरी कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते लक्ष्मी येते म्हणून फिरत असलं तरी. मांडूळ सापाचं तर विचारूच नका. त्याच्या वजनावर लाखांचे भाव लावणाऱ्या टोळ्या पोलीस अजून पकडतात आणि तरी गिऱ्हाईकं संपत नाहीत. हा लोभाचा भाग, त्याचा प्रेमाशी संबंध नाही म्हणून बाजूला ठेवतो.

देशी प्राण्यांचं दार बंद, म्हणून हे मूल दोन दिशांना जातं. पैसे असले तर परदेशी प्राण्यांकडे. नसले तर सर्पमित्रांकडे.

सर्पमित्रांबद्दल आधी बोलतो, कारण मूळ अडचण तिथे आहे आणि ती मोकळेपणाने कुणी मांडत नाही. महाराष्ट्रात गावोगावी ही माणसं आहेत. रात्री दोनला कॉल आला तरी पदरचं पेट्रोल घालून निघतात. त्यांनी वाचवलेल्या सापांची आणि माणसांचीही मोजदाद नाही. हे सगळं खरं. पण त्यांच्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं किती आहेत, आणि ती का येतात? समाजसेवेसाठी, असं ती सांगतात. खरं कारण त्यांच्या डोळ्यांत दिसतं. त्यांना साप हवा असतो. जवळून बघायचा असतो, हातात घ्यायचा असतो, त्याच्या खवल्यांचा थंडावा अनुभवायचा असतो. आपल्या समाजात ही इच्छा पुरी करण्याचा जवळजवळ एकच मान्यताप्राप्त मार्ग उरला आहे, आणि तो म्हणजे रेस्क्यू.

मग पकडलेल्या सापाचं काय होतं? वनखात्याला कळवायचं आणि लवकरात लवकर जवळच्याच योग्य जागी सोडायचं, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात साप भरलेली बरणी पुष्कळदा घरी जाते. आज पाऊस आहे, उद्या सोडू. मादी आहे, अंडी घालील असं वाटतंय, थांबू. रविवारी शाळेत कार्यक्रम आहे, तोवर ठेवू. शेजारची मुलं बघून जातात, मित्र फोटो काढतात, रील होते. खाऊच्या रिकाम्या बरणीला झाकणात भोकं पाडलेली असतात आणि ती पलंगाखाली असते. याला पाळणंच म्हणतात. फक्त प्राणी दर आठवड्याला बदलतो. एवढं करून तो शेवटी सोडला जातो गावापासून लांब, कुठल्या तरी डोंगरावर. अनोळखी जागी नेऊन सोडलेला साप नुसता भटकत राहतो आणि त्याच्या जगण्याची शक्यता कमी होते, हे ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

यात दोष एकट्या पोरांचा आहे, असं मला वाटत नाही. हौस आणि सेवा यांची आपण गाठ मारून टाकली आहे आणि त्यात दोन्हींचं नुकसान होतं. हौशीचा नियम असा असतो की सोप्यापासून सुरुवात करावी. नानेटी, दिवड, तस्कर असे साप. दिवड चावते खरी, पण तिला विष नाही. मग वर्षानुवर्षं नुसतं बघावं. सेवेत मात्र पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरात नाग निघतो आणि वीस माणसं आजूबाजूला उभी असतात. शिवाय टाळ्या नागालाच मिळतात. कवड्या पकडला तर "एवढासाच होय!" म्हणतात. ज्याला हा प्राणी आवडतो त्यालाच आपण अशा प्रकारे सगळ्यांत जहाल सापाकडे, सगळ्यांत कमी तयारीत आणि सगळ्यांत जास्त प्रेक्षकांसमोर ढकलतो. दर पावसाळ्यात एखाद्या सर्पमित्राच्या मृत्यूची बातमी येते. चार दिवस हळहळ होते आणि मग पुढचा कॉल.

दुसरी दिशा पैसेवाल्यांची. शहरातल्या मत्स्यालयांच्या दुकानांत नाण्याएवढी हिरवी कासवं मिळतात, कानामागे लाल पट्टा असलेली. रेड-इअर्ड स्लायडर. मूळची मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. हे नाणं वाढत वाढत जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीसेक वर्षं सहज जगतं, हे दुकानदार सांगत नाही. मग ते गावच्या तलावात 'मुक्त' केलं जातं आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हं घेण्याच्या जागांवर बसतं. अमेरिकेने १९७५मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामागे निसर्गप्रेम नव्हतं, कारण साधं होतं: लहान मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊन आजारी पडत. आपल्याकडे ती आजही वाढदिवसाची भेट आहे.

त्याच्या वरच्या पायरीवर बॉल पायथन, हिरवा इग्वाना नावाचा मोठा सरडा, बिअर्डेड ड्रॅगन. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला अजगर. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि त्या देशाने आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून बंद ठेवली आहे. म्हणजे जगभरच्या दुकानांतल्या या सरड्याच्या पूर्वजांनी कोणत्या मार्गाने प्रवास केला, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. बरीच वर्षं परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. जून २०२०मध्ये केंद्राने ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांना ते स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं. २०२२च्या दुरुस्तीने साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी कायद्यात आले आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी त्यांची ऑनलाइन नोंदणी बंधनकारक झाली. कागद पूर्ण झाले, पण ओढ थांबली नाही. जून २०२५मध्ये थायलंडहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. ते मागवणारं कुणीतरी इथे होतं.

परिणामी चित्र असं आहे: कोल्हापूरच्या मुलाने आपल्या बांधावरची धामण आठवडाभर काचपेटीत ठेवून तिचं निरीक्षण केलं तर तो गुन्हेगार. त्याच्याच वयाच्या मुंबईकराने घानाचा अजगर बाराव्या मजल्यावर ठेवला आणि नोंदणी केली, तर तो हौशी.

इथे पाळण्याच्या बाजूचे लोक ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतात आणि ते बिनतोड वाटतं. तिथे नियम बरोबर उलटा आहे. परदेशी साप पाळायला बंदी, पण देशी साप परवाना घेऊन पाळता येतात. न्यू साउथ वेल्समध्ये परवान्याचे वर्ग आहेत. नवख्याला सोपे प्राणी, विषारी सापांसाठी वय आणि अनुभव दोन्ही लागतात. टीव्हीवरच्या मगरींच्या कार्यक्रमांमुळे गाजलेल्या स्टीव्ह अर्विनला सहाव्या वाढदिवसाला अजगर मिळाला होता, हेही ते आवर्जून सांगतात. त्यांचं म्हणणं असं की पाळल्याशिवाय प्रेम टिकत नाही. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, थंडीत तो खात नाही, अंडं किती उष्णतेला उबतं, ही माहिती पुस्तकात वाचून अंगी लागत नाही. व्हिटेकरांच्या पलंगाखालचा अजगर जप्त झाला असता तर?

हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. पाळण्यातून आलेलं ज्ञान खरं असतं. तरीही मी घरोघरी परवाने देण्याच्या विरोधात आहे. बंदिवासात जन्मलेला तस्कर आणि काल रानातून उचललेला तस्कर यांत फरक कसा ओळखणार? जिथे पैदास करणाऱ्यांची तपासणी कडक असते तिथेसुद्धा रानातले प्राणी फार्मवरचे म्हणून विकले जातात. आपल्याकडे एका वनरक्षकाच्या वाट्याला आधीच किती गावं असतात, आणि त्याच्यावर आपण फ्लॅटमधल्या काचपेट्या तपासायचं काम टाकणार?

पण माझं मुख्य कारण प्रशासकीय नाही. कुत्र्याला माणूस हवा असतो. सापाला नको असतो. घोरपड तुमची वाट पाहत नाही, कासवाला तुमचा आवाज आवडत नाही, आणि अजगर हातावर स्वस्थ बसतो तो बहुधा हात ऊबदार आहे म्हणून. सरीसृपांवरचं प्रेम एकतर्फी असतं, आणि ज्याला ते खरंखुरं लागलंय त्याला हे पक्कं ठाऊक असतं. किंबहुना त्याला तेच आवडतं. आपल्याशी काही देणंघेणं नसलेला, कोट्यवधी वर्षांच्या वेगळ्याच वाटेने आलेला जीव समोर आहे आणि तो आपल्याकडे साफ दुर्लक्ष करतोय, यात एक विलक्षण ओढ आहे. मग अशा प्रेमाला मालकी कशाला लागते? पेटीत ठेवलेल्या इग्वानाला अतिनील प्रकाश आणि कॅल्शियम नीट मिळालं नाही तर त्याची हाडं मऊ पडतात. चुकीच्या निगेने चांदणी कासवाच्या पाठीवरचे उंचवटे नको तितके वाढतात आणि ते पुन्हा जात नाहीत. पाळण्यातला सगळा फायदा आपला, किंमत त्याची. आणि त्या मुलाला पहिल्यांदा जे भावलं होतं ते बांधावर, मोकळ्यावर भावलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शासनाने या आवडीला अधिकृत जागा द्यावी, आणि ती जागा घर नसावी. सर्पोद्यानं, प्राणिसंग्रहालयं आणि महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग यांना जखमी किंवा परत सोडता न येणारे बिनविषारी देशी साप व कासवं शिक्षणासाठी ठेवायची सुटसुटीत परवानगी असावी. आठवीतल्या पोराने शनिवारी तिथे जावं, जाणत्या माणसाच्या हाताखाली पेट्या साफ कराव्यात, वजनं घ्यावीत, काती मोजाव्यात. इरुळांची मुलं असंच आई-बापाच्या मागे रानात फिरून शिकत आली. वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशा सोबतीने शिकलेल्या विद्येला. पेट्या साफ करणाऱ्या मुलाला दोन वर्षांत जे कळेल ते दोनशे रील बघून कळणार नाही, आणि ज्याला फक्त फणा काढलेल्या नागासोबत फोटो हवा आहे तो दुसऱ्या शनिवारी यायचाच बंद होईल.

सेवा मात्र हौशीपासून तोडून काढली पाहिजे. केरळने २०२०मध्ये ते केलं. तिथे साप पकडायला वनविभागाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, हुक, नळी आणि पिशवी वापरावी लागते, आणि 'सर्प' नावाच्या ॲपवरून जवळचा प्रशिक्षित माणूस बोलावता येतो. महाराष्ट्रात अलीकडे सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची चर्चा झाली. विमा जरूर द्यावा. पण नुसतं ओळखपत्र वाटलं तर पलंगाखालच्या बरणीला सरकारी शिक्का मिळेल. ओळखपत्रासोबत वयाची अट हवी, अनुभवी माणसाच्या हाताखालचा ठरावीक काळ हवा, आणि साप रात्रभर घरी ठेवल्यास ते ओळखपत्र जाईल अशी स्पष्ट ओळ हवी. काही जुन्या सर्पमित्रांना हे झोंबेल. तरीही.

हे सगळं कुणाच्या लाडासाठी नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्याच्या महिन्यांत. केंद्राने २०२४मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर वेदना जवळजवळ होत नाही. पोट दुखलं, घसा धरला म्हणून घरचे बसून राहतात आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडतो. त्या घरात "ही लक्षणं मण्यारीची असू शकतात, गाडी काढा" असं म्हणणारं कुणी असेल, तर ते बहुधा लहानपणी सापांचं वेड लागलेलंच कुणीतरी असेल.

तेव्हा वनविभागाने आणि जिल्हा परिषदांनी सर्पमित्रांचे आणि शाळकरी मुलांचे वर्ग वेगवेगळे घ्यावेत, आणि ते मे संपायच्या आत उरकावेत. मृगाचा पाऊस पडला की कॉल सुरू होतात, आणि मग शिकवणाऱ्यालाही सवड नसते.